माझ्या डाव्या डोळ्यात बघा

कालव्याचा पूल आला आणि वहिनी दुसऱ्यांदा थांबल्या. पहिल्यांदा थांबल्या होत्या ते चपलेत खडा गेला म्हणून. या वेळी खडा वगैरे काही नव्हता. कठड्यावर हात टेकून, आम्ही चालत आलो तो रस्ता त्या मागे वळून बघत होत्या.

“किती झालं गं चालून?”

“निम्मं झालं असेल.”

“निम्मंच? आणि हे रोज यायचे? जाऊन-येऊन?”

“रोज. अंगात कणकण असली तरी.”

“मला सांगायचे, ‘लांब कसलं, पुलापलीकडेच तर आहे.’ पुलापलीकडेच म्हणे! थापाडा माणूस.” त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले. ऊन होतं, घामही होता, म्हणून मी काही विचारलं नाही.

दादांना जाऊन आठ महिने झाले होते. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानात मी चौतीस वर्षं काम केलं. आता ती जागा एक चपला-बुटांचा व्यापारी घेणार होता. त्या दिवशी बारा वाजता त्याच्या हातात किल्ली द्यायची होती. घरापासून दुकानापर्यंत सरळ बस जाते. पण वहिनी सकाळीच म्हणाल्या, “आज चालत जाऊ. आजवर बसनंच आले-गेले मी. ह्यांचा रस्ता एकदा तरी बघू दे.”

पुलावर उभ्या उभ्याच त्या म्हणाल्या, “माझ्या वाट्याला काय आलं सांग? रात्रीचं जेवण आणि घोरणं. सबंध दिवस तुमच्या दुकानाचा. आज तेही बंद होणार. मग दिवसा हे कसे असायचे, कसे बोलायचे, ते मला कोण सांगणार?”

सांगू शकेल असं माणूस एकच होतं आणि ते छत्री धरून त्यांच्या शेजारीच उभं होतं. पण माझ्याकडे जे होतं त्यातली एक गोष्ट सांगायची नाही असं मी दादांना कबूल केलं होतं.

वहिनींची न माझी पहिली भेट मला अजून स्वच्छ आठवते. मी वीस वर्षांची. शाळा संपवून दोन वर्षं घरी बसले होते. ओळखीतून ही नोकरी लागली. चौथ्या दिवशी दुपारी एक गोरीपान, ठेंगणी बाई हातात डबा घेऊन दुकानात शिरली. “डबा विसरलात,” असं दादांना म्हणाली. दादांचा डबा समोर फळीवर होता. सगळ्यांना दिसत होता. दादांनी त्या डब्याकडे बघितलं, बायकोच्या हातातल्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं झालं आणलास. आज भूक जास्त आहे.”

वहिनींनी मला पायाच्या नखापासून केसांच्या भांगापर्यंत नीट बघून घेतलं.

“ह्यांना काय म्हणतेस?”

“सर.”

“सर-बिर नको. दादा म्हणायचं.” थोडं थांबून म्हणाल्या, “आणि मोठ्यानं म्हणायचं. बाहेर फुटपाथवर ऐकू गेलं पाहिजे.”

“आणि तुम्हाला?”

“दादाच्या बायकोला काय म्हणतात?”

“वहिनी.”

“हुशार आहेस.”

अशी दोन मिनिटांत मी त्या घरची बहीण झाले. दादा पाठ करून काच पुसत होते, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते. मला सख्खा भाऊ नाही. देव कुणाला कसं देईल सांगता येत नाही. मला त्यानं असं, दम भरून दिलं. पुढचे कित्येक महिने मी “दादाऽऽ” अशी हाक मारायचे की शेजारचा घड्याळवाला “काय गं?” म्हणून बाहेर डोकवायचा.

वहिनींचं अगदीच चुकत होतं असंही नाही. धंदाच तसा. चष्म्याची काच बसवायची तर दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं. दादा आणि गिऱ्हाईक समोरासमोर दोन स्टुलांवर बसणार, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. दादा एक छोटी पट्टी गिऱ्हाइकाच्या नाकावर धरणार आणि म्हणणार, “इकडे बघा. माझ्या डाव्या डोळ्यात बघा. हलू नका. आता उजव्या डोळ्यात.” दिवसातून वीस वेळा म्हणायचे. बसचा कंडक्टर “पुढे सरका” म्हणतो ना, त्याच सुरात. पण वहिनींना तो सूर कुठला माहीत? त्या डबा घेऊन आल्या त्याच दिवशी बँकेतली एक बाई चष्म्याला आली होती. बघणाऱ्यानं दोन घटका बघत राहावं अशी. दादा तिला म्हणाले, “माझ्या डाव्या डोळ्यात बघा,” आणि वहिनींचा चेहरा असा झाला की मी पाण्याचा पेला पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडतंय तोच, वहिनी हजर.

“मला दिसत नाही,” म्हणाल्या.

“कधीपासून?” दादांनी विचारलं.

“कालपासून.”

दादांनी त्यांना मुकाट्यानं आतल्या खोलीत नेलं. खोली लहान होती, म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे टांगलेला आणि समोर आरसा. आरशात बघून वाचायचं. वरचं पहिलं अक्षर चपातीएवढं. तेच वहिनींनी चुकीचं वाचलं. दुसरी ओळ चुकीची. तिसऱ्या ओळीला म्हणाल्या, “इथं काही आहे का?” दादा गंभीरपणे काचा बदलत होते. मी खोलीच्या दाराशी, त्यांच्या पाठीमागे उभी होते. आरशात मला बघून वहिनी एकदम म्हणाल्या, “अगं, तुझ्या बाहीचं बटण लोंबतंय. एका धाग्यावर राहिलंय बघ.”

मी दादांकडे बघितलं. दादांनी छताकडे बघितलं.

“नंबर आहे,” ते म्हणाले. “थोडा आहे, पण आहे. चष्मा लागेल.”

मग दोन स्टुलं ओढली, पट्टी घेतली. “इकडे बघ. माझ्या डाव्या डोळ्यात बघ. हलू नकोस.” इतरांचं माप अर्ध्या मिनिटात व्हायचं. वहिनींचं दहा मिनिटं चाललं. मी बाहेर येऊन फ्रेमा पुसत बसले.

वहिनी गेल्यावर दादांनी कागद माझ्यासमोर ठेवला. “दोन्हीकडे साधी काच लाव.”

“साधी? म्हणजे नंबर नाही? मग सांगा ना त्यांना.”

“काय सांगू? खोटं बोललीस म्हणून? तिला सगळं दिसतं. नको तेवढंही दिसतं. तिला चष्मा नकोय गं, तिला तिथं समोर बसायचं होतं.” मग बोट दाखवून म्हणाले, “हे तुझ्या न माझ्यात. माझ्या माघारीसुद्धा बोलायचं नाही.”

मी मान डोलावली. विसाव्या वर्षी माणूस कशालाही मान डोलावतं.

वहिनी दरवर्षी नंबर तपासायला येऊ लागल्या. त्या सगळ्या वर्षांत त्यांचा मत्सर मी जवळून बघितला. एखाद्या घरचं मूल वाढताना शेजारणीनं बघावं तसा. पहिली काही वर्षं तो नावं विचारायचा. कोण आली, कितीदा आली, फ्रेम कुठली घेतली. मुलगा झाला, हात कामात गुंतले, तसा तो जरा पोक्त झाला. मग चौकशी अशी व्हायची, “ती बँकेतली बरेच दिवसांत आली नाही का गं? आजारीबिजारी नाही ना?” एकदा त्या बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तर वहिनींनी आठ दिवस डबा पाठवला. वर मला म्हणाल्या, “बघून तरी येते, अजून तशीच दिसते का.” बघून आल्या आणि आनंदानं म्हणाल्या, “छे गं, आता आपल्यासारखीच दिसते.”

मग त्यांच्या नजरेत बायका राहिल्याच नाहीत, दुकान आलं. काच घासायच्या यंत्राला त्या दादांची धाकटी बायको म्हणायच्या. ते एकदा बिघडलं आणि दादा दोन दिवस नीट जेवले नाहीत, तर दुकानात येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, “मला ताप आला तेव्हा दोन दोन वेळा वाढून घेत होते. सवतीचं दुखलं तर घास उतरत नाही.” दादा म्हणाले, “तुझे सुटे भाग बाहेरून मागवावे लागत नाहीत ना.” वहिनी हसल्या, आम्ही हसलो. थट्टा होती. पण बोलणाऱ्याच्या पोटात जरासं काहीतरी असल्याशिवाय अशी थट्टा सुचत नाही.

आणि नंतर एक असा काळ आला की वहिनी काहीच विचारेनाशा झाल्या. चाळिशी उलटली होती त्यांची. नेमानं यायच्या, खुर्चीत बसायच्या, वाचायच्या, जायच्या. एका वर्षी दादांनी पट्टी हातातसुद्धा घेतली नाही. “अंतर तेच असतं,” म्हणाले, “कागदावर लिहिलेलं आहे.” वहिनी म्हणाल्या, “बरं.” एवढंच. त्या “बरं”नं मला धस्स झालं. मत्सर वाईट, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. तरी त्या दिवशी देवापुढे बसले तेव्हा मी म्हणाले, देवा, वहिनींना पुन्हा थोडं जळू दे. जळणारी चूल बरी, विझलेली नको.

पुढच्या वर्षी काय झालं ते मी पुढे सांगते, कारण वहिनींनाही ते मी पुढेच सांगितलं.

तर पुलावरून आम्ही उतरलो. खाली रस्त्याकडेला एक बाक आहे, तिथं टेकलो. वहिनींनी चष्मा काढला, पुसता पुसता स्वतःशीच हसल्या.

“एक सांगू? आजवर कुणाला सांगितलं नाही. माझा तो पहिला चष्मा होता ना, काळ्या काडीचा? मला तेव्हा नंबरच नव्हता.”

मी जमिनीकडे बघत राहिले.

“खोटं खोटं वाचलं सगळं. आणि हे एवढे मोठे चष्मेवाले, ह्यांना पत्ता नाही! खरोखरचा नंबर लागेपर्यंत, पंधरा वर्षं फसवलं मी ह्यांना. आयुष्यात ह्यांच्यावर मात केली ती तेवढीच.”

मी “हो का?” म्हणायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण पर्समध्ये दुकानाची किल्ली होती, तासाभरात ती दुसऱ्याची होणार होती आणि त्या दुकानातलं हे एवढं माझ्या एकटीकडे उरणार होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “दादांना माहीत होतं, वहिनी.”

चष्मा पुसणारा हात थांबला.

“काय माहीत होतं?”

“नंबर नव्हता ते. काचा साध्या होत्या. मीच बसवल्या.”

“तुला कधी सांगितलं त्यांनी?”

“त्याच दिवशी.”

“त्याच दिवशी,” त्या म्हणाल्या. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बोलल्या तेव्हा आवाज अगदी शांत होता. “म्हणजे चौतीस वर्षं तुला माहीत आणि मला आज कळतंय. मी त्या बँकवालीवर जळले, यंत्रावर जळले. तुझ्यावर जळायचं मात्र राहूनच गेलं बघ. दादा म्हणायला लावलं आणि निर्धास्त झोपले.”

“वहिनी, असं काय…”

“हसलात किती?”

खोटं बोलवेना. “एकदा. बटणाच्या वेळी.”

“आणि दरवर्षी मी येऊन गेले की?”

“नाही. शपथ नाही. उलट तुम्ही यायच्या दिवशी दादा स्वतः तक्ता पुसायचे. तो तास मोकळा ठेवायचे. कुणी आलं तर मला सांगायला लावायचे, जेवणानंतर या.”

“हेसुद्धा तुलाच माहीत,” त्या म्हणाल्या. उठल्या आणि चालू लागल्या.

साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी. पण त्या दिवशी मला त्यांना गाठता येईना. छत्री माझ्याकडे, त्या उन्हात. मागून हाका मारायची हिंमत नव्हती. मी मनात देवाचं नाव घेत चालत राहिले. नाव घेता घेता वाटत होतं, दादांचा शब्द मोडला तो कशासाठी? वहिनींचं भलं व्हावं म्हणून, की माझ्याजवळ काहीतरी आहे हे त्यांना कळावं म्हणून? आजही सांगता येणार नाही.

पुढे रस्त्याला दोन फाटे फुटतात. वहिनी तिथं जाऊन उभ्या राहिल्या. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. त्यांना रस्ता माहीत नव्हता. मी पोचेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून.

“कुठून जायचे?” पाठमोऱ्याच म्हणाल्या.

“उजवीकडून जवळ पडतं. पण दादा डावीकडून जायचे. सावली असते.”

त्या डावीकडे वळल्या. मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली; त्यांनी धरू दिली. दहा-बारा पावलं गेल्यावर मी म्हटलं, “दुकानाच्या वर दातांचे डॉक्टर आले होते, आठवतात?”

“तो उंच? हसरा? त्याचं काय?”

“एकदा तुम्ही नंबरासाठी आला होतात आणि जिन्यात त्यांची न तुमची गाठ पडली. ते काहीतरी म्हणाले आणि तुम्ही मोठ्यांदा हसलात.”

“म्हणाला, दात इतके चांगले असतील तर आम्ही खायचं काय.” वहिनींना शब्दन्‌शब्द आठवत होता.

“दादांनी ते हसणं आतून ऐकलं. तेव्हा ते काच घासत होते. काच फुटली. दुसरी घेतली, तीही फुटली. मग मला विचारलं, ‘ती असं हसते?’ मी म्हटलं, ‘घरी हसत नाहीत का?’ तर म्हणाले, ‘आताशा नाही.’ आणि तुम्ही आत आलात तेव्हा…”

“तेव्हा स्टूल ओढलं,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हटलं, अंतर तेच असतं ना? तर म्हणाले, बघू, बदललं असेल.”

“हो.”

“मला वाटलं, वय झालं, विसरले असतील.”

“विसरले कसले! नंतर तुमची दाढ दुखत होती तेव्हा तुम्हाला कुठं पाठवलं?”

“गावाच्या त्या टोकाला! दोन बस बदलून! म्हणाले, वरच्याचे हात थरथरतात…” बोलता बोलता वहिनी थांबल्या.

“दादांनी स्वतःच्या दोन दाढा त्याच डॉक्टरांकडून भरून घेतल्या,” मी म्हटलं. “आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांनाही तिकडेच पाठवायचे. फक्त तुम्हाला नाही.”

वहिनी भर रस्त्यात हसायला लागल्या. तोंडावर हात ठेवला तरी हसू मावेना. एक सायकलवाला वळून बघत गेला. हसता हसता डोळे भरून आले, आणि या वेळी त्यांनी घामाचं निमित्त केलं नाही.

“माझ्यावर?” त्या म्हणाल्या. “ह्यांना? अगं, मी जन्मभर समजले, थंड माणूस, ह्याला काही वाटतच नाही. दोन बस बदलत होते मी, सुजलेला गाल घेऊन! मेल्यानं सांगायचं तरी!”

मग चालता चालता त्या आपण होऊन बोलत राहिल्या. “नवं लग्न असतं ना, तेव्हा वाटतं कुणीतरी ह्यांना पळवून नेईल. मग मूल होतं, पसारा वाढतो, तेव्हा वाटतं नेतंय कोण, नेलं तर तेवढाच पसारा कमी होईल. मग एक दिवस वाटतं की आपणच ह्यांना नकोशा झालोय, आणि ते कुणाला बोलता येत नाही. आणि आता? आता देवानं नेलं. देवावर काय जळायचं? तू तरी जळू देशील का त्याच्यावर? म्हणून तुझ्यावर जळते. हे जे काही उरलेत ते तुझ्याकडेच.”

मी त्यांच्या हातात हात घातला.

दुकानात काही राहिलं नव्हतं. फळ्या काढलेल्या, आरसा काढलेला, तक्ता होता तिथं भिंतीवर पांढरा चौकोन. बुटांचे व्यापारी वेळेवर आले. भला माणूस. दोन शब्द बरे बोलले, खिडकी कुठं पाडायची ते हातानं दाखवलं. वहिनींनी किल्ली दिली आणि मागे न बघता बाहेर आल्या. फुटपाथवर माणसांची ये-जा होती. घड्याळवाला त्याच्या दारातून बघत होता. त्यानं फक्त मान लववली.

बसच्या थांब्यावर रांग होती. वहिनींनी माझा दंड धरला आणि मला रांगेतून जरा बाजूला घेतलं.

“दर रविवारी माझ्याबरोबर ह्याच रस्त्यानं चालायला येशील?”

“येईन की.”

“येताना ह्यांची एक गोष्ट आणायची. एका वेळी एकच. सगळ्या एकदम सांगून संपवू नकोस. आणि चांगलं तेवढं निवडून आणू नकोस, चांगलं सगळेच सांगतात. चिडलेले, फसलेले, कुणावर खार खाऊन बसलेले, तसे सांग मला.” बस वळणावर दिसली. त्यांनी दंड सोडला नाही. “आणि हे बघ, एखादी गोष्ट तुला स्वतःजवळच ठेवावीशी वाटली तर ठेव. तुझाही हक्क आहे. पण ती आहे, हे मला कधी कळू देऊ नकोस.”